कुंड घासणारं घर

पाणी देवाचं, जमीन सरकारची आणि स्वच्छता आमची, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पहिल्या दोन गोष्टींवर वाद होऊ शकला असता. तिसरीवर वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

घर कुंडाला लागूनच होतं. एका भिंतीपलीकडे कपडे बदलायची खोली आणि अलीकडे स्वयंपाक. त्यामुळे अंघोळीला आलेल्या लोकांचे गुडघे, कंबर, जावई आणि बद्धकोष्ठ यांच्याबद्दल घरातल्यांना सगळं ठाऊक असायचं. घरात माणसं चार. सासूबाई. त्यांचा मुलगा, ज्याच्या खांद्यावर कायम टॉवेल असायचा म्हणून सगळे त्याला टॉवेलच म्हणत, त्याची आईसुद्धा. सासूबाईंचे धाकटे दीर बुडीकाका, जे श्वास रोखून कुंडाच्या तळाशी इतका वेळ बसायचे की नवीन गिऱ्हाईक घाबरून आरडाओरडा करायचं. आणि टॉवेलची बायको, जिला घरचे, दारचे, तिच्या दुप्पट वयाचेही वहिनी म्हणायचे.

कुंडाचं पाणी ऊन ऊन, अंगाला सोसेल इतकं. पण त्याला एक खोड होती. किटलीच्या आत जशी पांढरी खपली धरते, तशी ते जिथे टेकेल तिथे खपली धरायचं. पायऱ्यांवर, भिंतींवर, आणि सगळ्यांत जास्त झऱ्याच्या तोंडाशी. म्हणून आठवड्यातून एकदा उजाडायच्या आत तळाचं बूच काढून कुंड रिकामं करायचं आणि सगळ्या घराने गुडघे टेकून ते घासायचं. तळ पुरुषांनी, पायऱ्या मिळेल त्याने. पण तोंड मात्र घरातल्या कर्त्या बाईनेच.

तोंड म्हणजे कातळातली एक फट. तिच्यातून पाणी बुडबुडत यायचं, आणि तिथे ते सोसण्यासारखं नसायचं. खांद्यापर्यंत हात आत घालायचा, हातातल्या दगडाने आतली खपली खरवडायची, हात बाहेर काढायचा, फुंकायचा, पुन्हा घालायचा. सासूबाईंनी हे इतकी वर्षं केलं होतं की त्यांचा उजवा हात लालबुंद, तुळतुळीत आणि डावा साध्या बाईचा. दोन्ही मांडीवर ठेवून बसल्या की शेजारी-शेजारी दोन बायका बसल्यासारखं वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची कंबर धरली. एका पहाटे त्या घासायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. चौघांनी मिळून, म्हणजे खरं तर तिघांनी, त्यांना उचलून पालथ्या बादलीवर बसवलं. त्यांनी हातातला दगड वहिनींपुढे धरला.

"धर."

एवढाच समारंभ. वहिनींनी दगड घेतला, पदर खोचला आणि हात आत घातला. डोळ्यांत पाणी आलं, पण वाफ होती, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

"डाव्या अंगाला राहिलंय," सासूबाई वरून म्हणाल्या.

"बघते, आई."

"बघू नकोस. घास."

वहिनींनी त्या पहाटे तोंड असं घासलं की बुडीकाकांना त्यात आपलं तोंड दिसलं म्हणे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. "ठीक" हा त्यांचा सगळ्यांत वरचा शब्द होता, आणि तो त्यांनी आयुष्यात एकदाच वापरला होता. नवऱ्याच्या स्वभावाबद्दल, आणि तोही त्याच्या माघारी.

त्यानंतर वहिनींना तोंड घासायला मिळालं ते जेमतेम दोनतीनदा. कारण कुंडातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पाट बुजला, आणि टॉवेल आणि बुडीकाका नवीन पाट खणायला लागले. टॉवेलची कुदळ घडीव दगडावर आपटली. त्याने तो दगड उकरला तर खाली आणखी एक. त्याच्याखाली पायरी.

"काका, इथे कुणीतरी आधीच पाट खणलाय."

"पायऱ्यांचा पाट कोण खणतो रे?" बुडीकाका म्हणाले. मग टॉवेलने, घरची शिस्त म्हणून, ती पायरी पुसली.

पुरातत्त्व खात्याच्या जीपा आल्या. मोजमाप झालं. आत्ताच्या कुंडाला खेटून जमिनीखाली एक फार जुनं स्नानगृह होतं. इतकं जुनं की किती जुनं यावर जीपवाल्यांचं आपसात भांडण लागलं. खोदकाम एका मॅडमकडे आलं. जुन्या स्नानगृहाभोवती रस्सी बांधली आणि सोबत कुंडाभोवतीही. निकाल लागेपर्यंत अंघोळ बंद. कुंडाला कुणी हात लावायचा नाही. मनाई.

"घासायलाही?" सासूबाईंनी विचारलं.

"घासायला तर मुळीच नाही," मॅडम म्हणाल्या. बाई तरुण होती, उन्हाने रापलेली, आणि बोलायला चांगली होती. म्हणून सासूबाईंनी तिला फक्त तीन दिवस पाण्यात पाहिलं.

अंघोळीला येणारे लोक हमरस्त्यावरच्या हॉटेलात जायला लागले. तिथे मशीनने तापवलेल्या पाण्याचा निळा हौद होता. टॉवेलही तिथेच कामाला लागला. त्याला लाल टोपी दिली आणि लोकांना टॉवेल द्यायचं काम दिलं. संध्याकाळी तो घरी आला की टोपी दाराबाहेर खुंटीला अडकवायचा, आत आणायचा नाही.

"अहो, पाणी कसं आहे तिथलं?" वहिनी विचारायच्या.

"औषधाचा वास येतो. आणि तळाला बोट फिरवलं तर बुळबुळीत."

"मग सांगितलं नाही का कुणाला?"

"सांगितलं. म्हणाले, तू टॉवेल दे."

त्या दिवशी वहिनींनी घरातली सगळी भांडी दोनदा घासली.

एकटे मास्तर तेवढे हॉटेलात गेले नाहीत. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेले जुने गिऱ्हाईक. ते रोज सकाळी पंचा काखेत मारून यायचे, रस्सीच्या अलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि पाय कुंडाच्या दिशेने लांब करायचे.

"मास्तर, मनाई आहे," मॅडम म्हणायच्या.

"मी कुठे पाण्यात आहे? मी वाफेत आहे. वाफेला रस्सी बांधली असेल तर दाखवा."

वहिनी आणि बुडीकाका खोदाईवर मजुरीला लागले. चर रोज थोडा खोल व्हायचा. त्याच्या मातीच्या भिंती मॅडमनी उभ्या तासून ठेवल्या होत्या आणि त्यांत रंगारंगाचे थर दिसायचे: राखाडी, तांबडा, काळसर, मग पुन्हा राखाडी. प्रत्येक थरात खिळा मारून चिठ्ठी लावलेली. तळाला घडीव फरशीचा एक कोपरा आणि टोकाला एक जाड पांढरा गोटा दिसायला लागला होता, बाकी सगळी फरशी मातीखाली. वहिनींच्या हातात मॅडमनी एक ब्रश दिला. तो बघून वहिनींना वाटलं, हा बाळाचे केस विंचरायचा असेल.

"याने साफ करायचं?"

"हळूहळू. घासायचं नाही. फक्त माती झटकायची. इथे साफ करा, मग इथे साफ करा."

दिवसभर मॅडमचं तेच. इथे साफ करा. तिथे साफ करा. आणि संध्याकाळी बघावं तर चर सकाळइतकाच घाण. वहिनींना मॅडमबद्दल आदर होता. शिकलेली बाई, उन्हातान्हात उभी राहते, कुणावर ओरडत नाही. पण घरकामाचं वळण तिला नव्हतं, हे वहिनींनी मनोमन मान्य केलं होतं. इतके दिवस साफ करतेय आणि भिंतीला चिठ्ठ्या तशाच.

तिकडे कुंडाला खपली धरत होती. पायऱ्या आधी दुधाळ झाल्या, मग खरखरीत. सासूबाई दारात बसून बघायच्या. आपल्या डोळ्यांदेखत कुणी पोराला आठवडेच्या आठवडे पारोसं ठेवावं, तसं त्यांना व्हायचं.

मग एका शनिवारी मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावलं. सोमवारी बडे साहेब येणार. ते जागा बघतील आणि ठरवतील की कुंड अंघोळीला पुन्हा उघडायचं की कायमचं बंद करून सगळीच जागा तारेच्या कुंपणात घ्यायची.

"कायमचं म्हणजे?" बुडीकाकांनी विचारलं.

"म्हणजे कायमचं, काका. मी माझ्याकडून सांगेन. पण साहेब कडक आहेत. जागा बघून त्यांचं मत होतं. मी त्यांना आणायला शहरात जातेय. सोमवारी येईपर्यंत इथे सगळं नीट असू द्या."

मॅडमना 'नीट'मधून म्हणायचं होतं की कुणी गाय आत सोडू नका. पण ते त्या बोलल्या नाहीत, आणि जीप निघून गेली.

रविवारी सकाळी वहिनी चराच्या काठावर उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बडे साहेब होते: पांढरा शर्ट, चकचकीत बूट, आणि समोर हा चिखलाचा खड्डा. साहेब नाक मुरडतील. म्हणतील, असल्या लोकांच्या हातात कुंड कसं द्यायचं?

"आई, पाहुणे यायचेत आणि हे असं."

"कुंडाला हात लावायचा नाही म्हणाली आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"कुंडाला नाही. चराला."

सासूबाईंनी विचार केला. "चराचं काय म्हणाली?"

"रोज तेच म्हणतात. साफ करा, साफ करा. म्हणाल्या, सगळं नीट असू द्या."

"मग तिच्या हातून होत नाहीये म्हणून थांबलीय ती," सासूबाईंनी निकाल दिला. "बिचारी. काढ बादल्या."

हॉटेलातून टॉवेलला बोलावलं. तो टोपी घालूनच पळत आला. आणि मग, कुंड बंद झाल्यापासून ज्या घराचे हात नुसते खाजत होते, ते घर चरात उतरलं.

बुडीकाका आणि टॉवेलने फावड्याने फरशीवरची माती ओढली. बादल्या भरल्या, बाहेर कपडे बदलायच्या खोलीमागे ढीग झाला. वहिनींनी चराच्या भिंती हातात घेतल्या. त्या रंगारंगाच्या पट्ट्या त्यांना सुरुवातीपासून खुपत होत्या. त्यांनी तीच माती कालवली आणि चारही भिंती वरपासून खालपर्यंत लिंपून काढल्या. अशा गुळगुळीत की हात फिरवावा. चिठ्ठ्या मात्र फेकल्या नाहीत. कागद शिकलेल्या माणसाचा, टाकून कसं चालेल? एकेक सोडवली, पुसली, पत्र्याच्या डब्यात लहान-मोठी लावून ठेवली. खिळे वेगळे. मग फरशी. फरशीवर पाणी मारलं आणि वहिनी गुडघे टेकून बसल्या. सूर्य डोक्यावर आला. पाठ भाजली. घाम हनुवटीवरून दगडावर पडायचा आणि त्या तोही पुसायच्या. सासूबाई काठावर पालथ्या बादलीवर होत्या.

"कोपरा."

"केला."

"तो नाही. पलीकडचा."

उन्हं कलली तेव्हा चर असा झाला होता की तिथे लग्न लावावं. मास्तर खुर्ची उचलून बघायला आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी, इतका स्वच्छ इतिहास मी शिकवलासुद्धा नव्हता."

वहिनी हसल्या नाहीत. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. बोटांची सालं निघाली होती. इतकं छान त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होतं.

सोमवारी जीप आली. चौघं अंघोळ करून ओळीने उभे. साहेबांचा शर्ट खरंच पांढरा होता. मॅडम पुढे आल्या, चराच्या काठाशी थांबल्या आणि तशाच मातीत खाली बसल्या. वहिनींना वाटलं, बाईला भरून आलं.

बुडीकाकांनी डबा पुढे केला. "चिठ्ठ्या, मॅडम. एकही हरवू दिली नाही."

मॅडमनी डबा उघडला. "काका, कुठली कुठे होती?"

"आता सगळ्या एकत्र आहेत," बुडीकाका अभिमानाने म्हणाले.

साहेब चराभोवती एक चक्कर मारून आले. त्यांचा चेहरा हळूहळू टॉवेलच्या टोपीच्या रंगाचा होत होता.

"कुणी केलं हे?"

टॉवेलला वारा कुठून वाहतोय ते आधी कळलं. "मी केलं, साहेब."

"मी," बुडीकाका म्हणाले. "हा तर हॉटेलात होता."

"खोटं बोलतात दोघं," वहिनी पुढे झाल्या. "यांनी नुसत्या बादल्या उचलल्या. भिंती माझ्या, फरशी माझी."

साहेब ओरडले. बरंच ओरडले. त्या ओरडण्यातून वहिनींना कळत गेलं, की ते थर म्हणजे घाण नव्हती. तेच तर वाचायचं होतं. कुठली वस्तू कुठल्या थरात सापडली यावरून सगळं कळतं. आणि त्यांनी पान पुसून वही स्वच्छ केली होती. वहिनींचे कान तापले. पण "मी नाही" म्हणायची वेळ गेली होती, आणि ती आली असती तरी त्या म्हणाल्या नसत्या.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण केलं मीच. ओरडायचं तर माझ्यावर. हे दोघं उगाच मध्ये आलेत."

"कुंड बंद," साहेब म्हणाले. "कायमचं. हे लोक इथे नकोत."

मॅडम उठल्या. कपड्यांची माती झटकली. "साहेब, चराची पलीकडची बाजू अजून न खोदलेली आहे. थर तिथे मिळतील. पण ओढलेल्या मातीत वस्तू असणार. ती चाळायला माणसं लागतील. पावसाच्या आत."

"मग आणा माणसं."

"माती कुठली कुठे टाकली ते यांनाच ठाऊक. यांनाच चाळू दे."

साहेबांनी नाखुशीने मान हलवली. चाळून झालं की बंदचा कागद निघेल म्हणाले आणि गेले.

खोलीमागे ताडपत्री बांधली. लाकडी चौकटीची मोठी चाळणी टांगली आणि ते घर आपलीच माती चाळायला बसलं. एकाने ओतायची, दुसऱ्याने हलवायची, तिसऱ्याने उरलेले खडे निवडायचे. नाकातोंडात धूळ. खांदे भरून यायचे. हॉटेलाकडे जाणारी जुनी गिऱ्हाइकं गाडी थांबवून बघायची.

"काय वहिनी, आता माती धुताय?"

"हो," वहिनी म्हणायच्या. "घाण झालीय."

टॉवेलने हॉटेलातलं काम सोडलं. बायकोने चाळणी हलवायची आणि आपण लाल टोपी घालून उभं राहायचं, हे त्याला जमेना. त्याने तसं कुणाला सांगितलं नाही. टोपी नेऊन दिली, टॉवेल तेवढा ठेवला.

मातीतून खापरं निघाली, एक मणी निघाला, हाडाच्या फणीचा तुकडा निघाला. प्रत्येक वस्तू मॅडम तळहातावर घेऊन बघायच्या आणि त्यांचा राग जरासा उतरायचा. मग एके दुपारी चाळणीत एक दगड राहिला. मुठीत बसेल एवढा, एका अंगाला अंगठ्याचा खळगा. वहिनींनी तो उचलला आणि त्यांचा अंगठा आपोआप खळग्यात गेला.

मॅडम जवळ आल्या. "घासायचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या आधीचं कुणीतरी, वहिनी."

दगड सासूबाईंकडे गेला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, लाल हातात तोलला, उन्हात धरला.

"कामचोर होती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"जी कुणी होती ती. एकाच बाजूने झिजलाय. दगड फिरवून घासत नव्हती. मधलं मधलं करायची आणि कडा सोडायची." दगड त्यांनी परत दिला. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तुझं त्या मानाने ठीक आहे."

वहिनी तोंड वळवून चाळणी हलवायला लागल्या. इथे वाफ नव्हती, पण धूळ होती, म्हणून निभावलं.

माती संपत आली आणि एका सकाळी मॅडमच्या ओरडण्याने सगळे धावले. चरात पाणी होतं. फरशीच्या सांध्यांतून बुडबुडत वर येत होतं. न खोदलेल्या बाजूचा मातीचा पाया भिजून ढासळायला लागला होता. मॅडमचे उरलेसुरले थर होते ते तिथेच. बुडीकाकांनी वाकून पाण्यात हात घातला.

"ऊन आहे. आपलंच आहे."

बादल्यांनी उपसलं. जेवढं उपसावं तेवढं येत होतं. मॅडम थांबल्या. कुंडाकडे गेल्या, रस्सीपलीकडून वाकून बघितलं. कुंडातलं पाणी हातभर उतरलं होतं आणि झऱ्याच्या तोंडाशी खपलीचा जाड पांढरा ओठ आला होता.

"तोंड बुजलंय," त्या म्हणाल्या. "इथून वाट मिळेना म्हणून पाणी तिकडून येतंय. वहिनी, घासा. लवकर."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "मनाई आहे ना?"

"मी सांगते ना."

"कुंडाला घासायला तर मुळीच हात लावायचा नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"वहिनी, माझं चुकलं. घासा."

"मग रस्सी काढा," वहिनी म्हणाल्या. "रस्सीखालून वाकून मी माझ्या कुंडात जाणार नाही."

तिकडे माती कोसळल्याचा आवाज आला. मॅडमनी गाठ सोडायला घेतली. खात्याची गाठ, पावसाउन्हाने आवळलेली; नखं मोडली पण सुटेना. शेवटी त्यांनी दातांनी सोडवली. रस्सी खाली पडली आणि वहिनी सरळ मानेने पायऱ्या उतरल्या.

बुडीकाकांनी बुडी मारून तळाचं बूच काढलं. पाणी उतरलं. वहिनींनी आधी छिन्नीने वरचा ओठ फोडला. मग दगड घेऊन हात आत घातला; पण खांद्यापर्यंत जाईना, कोपराशीच अडला. खपली सगळीकडून आत आली होती. घासायचं, बाहेर काढायचं, फुंकायचं, पुन्हा घालायचं. हात आधी लाल झाला, मग जांभळट. टॉवेलने खांद्यावरचा टॉवेल गार पाण्यात भिजवून आणला. दर वेळी हात बाहेर आला की तो गुंडाळायचा आणि काढायचा. सासूबाई कंबर धरून काठाशी आल्या होत्या. त्या चक्क गप्प होत्या.

मग आत काहीतरी कटकन तुटलं. ताटाएवढी खपली निघाली, वहिनींच्या छातीवर आपटली आणि मागून पाणी असं उसळलं की त्या मागच्या मागे बसल्या.

"चरातलं उतरतंय!" बुडीकाका तिकडून ओरडले. "उतरतंय!"

मॅडमनी ती खपली उचलली, मोडून कडेने पाहिली. मग ओल्या पायरीवरच बसल्या आणि हसायला लागल्या.

"काय झालं?" वहिनी हात टॉवेलात धरून म्हणाल्या.

"तिकडे चराच्या टोकाला एक पांढरा गोटा आहे ना, भिंतीसारखा जाड? मला कळत नव्हतं तो काय आहे. ते त्यांचं तोंड आहे. जुन्या लोकांचं. त्यांनी घासणं सोडलं, ते बुजलं, पाणी त्यांना सोडून इकडे आलं. म्हणून ते स्नानगृह ओस पडलं. आणि इकडे ते अजून वाहतंय, कारण तुम्ही घासताय. म्हणून घासत होता ना तुम्ही?"

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी बुडीकाकांकडे.

"नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही आपलं चांगलं दिसावं म्हणून घासत होतो."

साहेब पुन्हा आले तेव्हा मॅडमनी त्यांना आधी तो पांढरा गोटा दाखवला, मग कुंडाचं तोंड. बराच वेळ समजावलं. साहेब ऐकत होते आणि मास्तरांकडे बघत होते. रस्सी सुटल्यापासून मास्तर पाण्यात बसले होते आणि बाहेर यायला तयार नव्हते.

"म्हणजे यांनी घासलं नाही तर जुनंही जाईल आणि नवंही," साहेब म्हणाले.

"होय, साहेब."

"आणि यांना घासू दिलं तर हे सगळंच घासतील."

साहेबांनी वहिनींचा हात बघितला. कोपराच्या वरपर्यंत सालपटं निघालेली, खाली नवी लाल कातडी. शेजारी सासूबाईंचा तसाच.

"बाई, तुमच्या हाताला काय झालं?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "कामाचा आहे."

कुंड उघडलं. अंघोळी सुरू झाल्या. आठवड्याला तोंड घासायचं काम त्या घराचं, असं खात्याने रीतसर मान्य केलं. फक्त एक अट घातली, आणि ती कुणी विसरू नये म्हणून शहरातून पाटी करून आणली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. ती चराच्या रस्सीला लागून, लोखंडी खांबावर ठोकली:

'या जागेत साफसफाई करण्यास सक्त मनाई आहे.'

लांबून लोक जुनं स्नानगृह बघायला येतात, पाटी वाचतात, पुन्हा वाचतात. एकदा एका बाईंनी टॉवेलला विचारलंच, "अहो, हे असं कुणासाठी लिहिलंय?"

"आमच्यासाठी," टॉवेल छाती काढून म्हणाला. "साहेबांनी खास करून पाठवलीय. दुसऱ्या कुणासाठी अशी पाटी लावायची वेळच येत नाही."

साहेब अधूनमधून येतात. मागच्या खेपेला त्यांना पाटी जरा जास्तच चकाकताना दिसली. त्यांनी वहिनींना बोलावलं आणि पाटीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

वहिनींनी शांतपणे रस्सीकडे बोट केलं, मग खांबाकडे. खांब रस्सीच्या अलीकडे होता. पुरता वीतभर अलीकडे.

"पाटी जागेच्या बाहेर आहे, साहेब," त्या म्हणाल्या. मग साहेबांच्या बोटाचा जो ठसा पत्र्यावर उमटला होता, तो त्यांनी पदराने पुसून टाकला.